किरकोळ दुरुस्ती

दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरणाऱ्या माणसावर कुणाचा फारसा जीव नसतो, हे क्रांतीला पंचविशीतच कळलं होतं. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात एक छापखाना होता, तिथं तिनं बारा वर्षं मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका, कारखान्यांचे अहवाल, पोथ्या, उमेदवारांची पत्रकं, समोर येईल त्यावर लाल पेन. मालक म्हणायचा, ह्या बाईपुढं देव उभा राहिला तर ती आधी त्याचं नाव बरोबर लिहिलंय का ते बघेल. क्रांती हसायची नाही. चूक सापडली की तिला बरं वाटायचं, आणि ती दुरुस्त होऊन छापून आली की शांत झोप लागायची.

त्या छापखान्याची एक शिस्त होती. पानावर मालकाची सही झाल्याशिवाय त्यातल्या चुकीबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. क्रांतीनं एकदा काढला होता. एका पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली असं वाटून तिनं नवरीच्या मामाला परस्पर सांगितलं. मामानं छापखान्यात येऊन दंगा घातला, आणि शेवटी कळलं की भटजींनीच वेळ बदलून दिली होती, पत्रिका बरोबर होती. मालकानं तिला आठवडाभर घरी बसवलं. तेव्हापासून पान पास होईपर्यंत तोंड बंद, ही गोष्ट तिच्या अंगात अशी मुरली की पुढं छापखाना राहिला नाही तरी ती राहिली.

छापखाना कोरोनात बंद पडला. दोन वर्षं क्रांती घरी बसून होती. मग कुणाच्या तरी ओळखीनं उदयसिंहाकडे काम मिळालं. उदयसिंहाची सॉफ्टवेअर कंपनी शाहूपुरीत, टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. मोबाइलची ॲप बनवणाऱ्या पोरांना लागणारं सामान ही कंपनी तयार ठेवायची. निरोप पाठवणं, घंटा वाजवणं, नकाशा दाखवणं, सगळं आधीच बांधलेलं. पोरांनी ते उचलायचं आणि आपल्या ॲपला जोडायचं. रानातून एकानं दुसऱ्याला हाळी द्यावी, तसं ह्या सामानाचं नाव ठेवलं होतं ‘हाळी’. ते कसं जोडायचं हे सांगणारी साडेतीनशे पानं वेबसाइटवर होती, मराठीतही आणि इंग्रजीतही. ऑफिसात त्यांना डॉक्स म्हणत. त्या पानांतल्या चुका दुरुस्त करायला क्रांतीला घेतलं होतं.

ती आली तेव्हा डॉक्स म्हणजे नुसता बाजार होता. एका पानावर एक सांगितलेलं, दुसऱ्यावर त्याच्या उलट. उदाहरणं दिलेली, पण ती चालतात का हे कुणी बघितलेलं नाही. क्रांतीनं इंजिनिअर पोरांच्या मागं लागून जुजबी कोडिंग शिकून घेतलं आणि एकेक उदाहरण स्वतः चालवून बघायला लागली. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. पान छापून काढायचं, लाल पेनानं खुणा करायच्या, कोपऱ्यात तारीख घालून सही करायची आणि फाईलला लावायचं, ही छापखान्याची सवयही तिनं सोडली नाही. कागदावर खुणा करणारी ही बाई बघून पोरं गालात हसत. पण वर्षभरात चुकांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, मग हसणंही कमी झालं.

दुरुस्तीचे दोन रस्ते होते. एखादी गोष्ट कशी चालते हेच बदलून लिहायचं असेल तर ती मोठी दुरुस्ती. तिला उदयसिंहाची मंजुरी लागे आणि बदलांच्या यादीत ती तारखेसकट सगळ्यांना दिसे. काना-मात्रा, एखादा तुटका दुवा, सुटलेला शब्द ही किरकोळ दुरुस्ती. ती क्रांतीनं आपल्या हातानं करायची. तिची नोंद नाही, तारीख नाही. पान गुपचूप बदलायचं आणि जुनं पान फक्त इंजिनिअरांच्या मशिनवर राहायचं. हा किरकोळचा नियम क्रांतीनंच घातला होता. याद्या फार लांबतात, पोरं वैतागतात, म्हणून. उदयसिंहानं तेव्हा तिची पाठ थोपटली होती.

डॉक्स वाचून ज्यांचं अडे ते ऑफिसला फोन करत, आणि फोन क्रांतीच्या टेबलावर वाजे. त्यातच एक विश्वजित. शिरोळकडच्या एका नदीकाठच्या गावचा, वय सव्वीस. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता ॲप बनवायला शिकलेला. पहिल्या फोनला त्यानं तिला मॅडम म्हटलं. चौथ्या-पाचव्या फोनला म्हणाला, तुमी माझ्या थोरल्या आक्कागत समजावून सांगता, मी आक्काच म्हणणार. क्रांतीला भाऊ नव्हता. दिवाळीला त्याच्या घरचा चिवडा एस.टी.च्या कंडक्टरबरोबर यायला लागला, आणि तिला त्याचं अप्रूप वाटायचं हे तिनं कधी लपवलं नाही.

विश्वजितचं ॲप साधं होतं. नदीला पाणी चढायला लागलं की काठच्या माणसांच्या जिवाला घोर. मळीतल्या, म्हणजे अगदी काठच्या रानातल्या, पाण्याच्या मोटारी काढायच्या, गोठ्यातली जनावरं सोडून माळावर न्यायची, आणि हे सगळं पाणी यायच्या आत. वरच्या बंधाऱ्याजवळ राहणारा त्याचा मित्र तासातासाला पाण्याची पातळी टाकणार, आणि ठरावीक खुणेवर पाणी गेलं की गावातल्या सगळ्या फोनवर घंटा. घंटेचं सामान ‘हाळी’चं. गेल्या दिवाळीत त्यानं फोन करून एकच गोष्ट दोनदा विचारली होती. फोन बाजूला पडून झोपला असंल तरी वाजंल ना, आक्का? क्रांतीनं पान उघडून त्याला ते वाक्य वाचून दाखवलं. ‘फोन कोणत्याही अवस्थेत असला तरी ठरलेल्या क्षणी घंटा वाजेल.’ तिनं वर स्वतःहून जोडलं, लिहिलंय म्हणजे वाजेल. ते पान तोवर तिनं तपासलेलं नव्हतं.

तपासायला घेतलं ते बारा फेब्रुवारीला. टेबलावर एक जुना फोन होता, चार्जिंग संपत आलेलं, म्हणून तिनं बॅटरी बचत चालू केली. तीन घंटा लावल्या, फोन खणात ठेवला आणि दुसरं काम हातात घेतलं. दीड तास गेला तरी खण गप्प. तिनं तो उघडून फोन हातात घेतला, आणि घेतल्याबरोबर तिन्ही घंटा एकदम कोकलायला लागल्या. तिनं पुन्हा करून बघितलं. पोरांचे तीन वेगवेगळे फोन मागून घेतले, बचत चालू करून तासभर ठेवले. तिन्ही मुके, आणि हात लावला की बोलके. इंजिनिअर म्हणाला, ते फोन बनवणाऱ्यांचं आहे, बॅटरी वाचवायला तेच फोनला झोपवतात, आपल्या हातात काही नाही. ती म्हणाली, मग पानात तसं लिहायला तर आपल्या हातात आहे. त्यानं खांदे उडवले आणि दादांना विचारा म्हणाला.

दादा म्हणजे उदयसिंह. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारं शाहूपुरीत कुणी नव्हतं. क्रांतीनं पान छापून त्या वाक्याभोवती लाल गोल काढला होता आणि समासात लिहिलं होतं, ‘बॅटरी बचत चालू असेल आणि फोन तासभर हलवला नाही, तर घंटा वाजत नाही. चार फोनवर स्वतः पाहिलं.’ खाली तारीख, सही. उदयसिंहानं ते नीट वाचलं, तिला चहा मागवला आणि सांगितलं की एक मोठा दूधसंघ ‘हाळी’ घ्यायच्या बेतात आहे, आणि त्यांना दाखवायच्या कागदावर हेच वाक्य सगळ्यात वर आहे. चूक असंल तर काढू की ताई, पण आत्ता नको. मग तिच्याच लाल पेनानं त्यानं त्या पानावर लिहिलं, ‘राहू द्या. नंतर बघू. उ.’

पान पास झालं नव्हतं. क्रांतीनं ते फाईलला लावलं आणि तोंड बंद ठेवलं.

आठ दिवसांनी विश्वजितचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. ॲप तयार झालं होतं, शिवजयंतीला गावात वाजवून दाखवलं होतं, येत्या रविवारी सरपंचांच्या हस्ते रीतसर चालू करणार होते आणि आक्कानं यायलाच पाहिजे होतं. तो बोलत होता आणि क्रांतीच्या हाताशी ती फाईल होती. सांगावं असं तिला वाटलं, खरंच वाटलं. पण दुरुस्ती आठ-पंधरा दिवसांत होईल, मग पानच त्याला सांगेल, मंजूर न झालेली गोष्ट आपण आधी कशाला बोला, असा तिनं हिशेब केला. वर त्याच्या आनंदावर पाणी ओतायचं तिच्या जिवावर आलं. तिनं शुभेच्छा दिल्या आणि यायला जमणार नाही म्हणून सांगितलं.

एप्रिलमध्ये तिनं उदयसिंहाला आठवण केली. दूधसंघाचं अजून व्हायचं होतं. मे अखेर पुन्हा केली. तेव्हा तो जरा तुटक म्हणाला की ताई, ते एक वाक्य बघूनच लोक येतात, तुम्ही बाकीची साडेतीनशे पानं बघा की. जूनमध्ये ती गेली नाही. खरं सांगायचं तर त्या पानाची तिला सवय झाली होती. आपण दाखवून दिलंय, आता ज्याचं त्यानं बघावं, असं म्हणून माणूस जे हात झटकतो, तसे तिनंही झटकले होते.

ऑगस्टात पाणी चढलं. पुराच्या दिवसांत नदीकाठच्या गावातून पहिली पळते ती लाईट. दोन दिवस अंधार, चार्जिंग कुठं करायचं ठाऊक नाही, आणि तेवढ्यात विश्वजितनं गावाच्या ग्रूपवर सगळ्यांना बजावून टाकलं. ‘बॅटरी जपा. सगळ्यांनी फोन बचतीवर टाका आन बाजूला ठेवा, उगं चाळत बसू नका. म्हंजे ॲप वाजंल.’ पोरगं हुशार, जबाबदार, त्यानं सगळ्यांचा विचार केला. गावानं त्याचं तंतोतंत ऐकलं. फेब्रुवारीत वाजवून बघितलं तेव्हा गावात लाईट होती आणि बॅटरी वाचवायची गरज कुणालाच नव्हती, त्यामुळं ॲप दर वेळी झकास वाजलं होतं.

चिमणाबाईचा गोठा मळीत, पार नदीला लागून. तीन म्हशी, त्यातली एक गाभण. पाणी चढतीला असलं की ही बाई दर वर्षी गोठ्यातच अंग टाकायची, पायाला गार लागलं की उठायची आणि दावी सोडायची. या वर्षी विश्वजितनं तिला सांगितलं, मावशी, तू घरात निवांत झोप, फोन वाजंल. ती घरात झोपली. उशाला फोन होता. पहाटे तिला आपोआप जाग आली, किती वाजले बघायला तिनं फोन उचलला, आणि हातात घेतल्याबरोबर घंटा वाजायला लागली. ती पळत मळीकडे गेली तेव्हा गोठ्याचा पत्रा तेवढा पाण्यावर दिसत होता. म्हशी दाव्याला बांधलेल्या होत्या.

क्रांतीनं हे ऑफिसात, सकाळच्या चहाबरोबर पेपरात वाचलं. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, ॲप वाजलंच नाही म्हणून. गावाचं नाव वाचलं आणि तिच्या हातातला कप तिनं खाली ठेवला. बाहेर पाऊस चालूच होता. विश्वजितसारखी ‘हाळी’ची घंटा लावलेली आणखी किती ॲप कुठं कुठं असतील, तिला मोजता येईना. उदयसिंह पुण्याला गेला होता, आणि असता तरी त्यानं काय सांगितलं असतं ते तिला पाठ होतं. तिनं ते पान उघडलं, खोटं वाक्य खोडलं आणि खरं लिहिलं. ‘बॅटरी बचत चालू असल्यास व फोन हलवला नसल्यास घंटा वाजणार नाही.’ मोठ्या दुरुस्तीचा रस्ता बंद होता, म्हणून किरकोळच्या रस्त्यानं ते चढवलं. सहा महिन्यांचं काम सहा मिनिटांत झालं. विश्वजितला फोन करायचं तिच्या मनात आलं, पण कुठल्या तोंडानं करणार.

तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. तो ओरडला नाही, रडला नाही. बसलेल्या आवाजात विचारलं, “आक्का, ते पान बदललंय व्हय? का मलाच येड लागलंय?”

मग त्यानं सांगितलं. पाणी उतरल्यावर गाव चावडीवर जमलं होतं. तूच म्हणालास घरात झोपा, तूच म्हणालास बचतीवर टाका, असं जो तो त्याला विचारत होता. त्यानं छातीठोकपणे सांगितलं की मी मनानं काही केलेलं नाही, कंपनीनं लिहून दिलंय, थांबा, तुम्हाला दाखवतोच. त्यानं सगळ्यांच्या देखत फोनवर पान उघडलं आणि सरपंचांच्या हातात दिलं. सरपंचांनी मोठ्यानं वाचलं. बॅटरी बचत चालू असल्यास घंटा वाजणार नाही. मग मागनं कुणीतरी म्हणालं, हितं तर सरळ लिवलंय की, ह्यानं वाचलंच न्हाई. आणि दुसरं म्हणालं, वाचलं न्हाई ते न्हाई, वर खोटं बोलतोय. बाजूला त्याचे वडील उभे होते, आण्णा, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते मान खाली घालून घरी निघून गेले आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलत नव्हते. दुकानावर कुणीतरी शेण फासलं होतं.

क्रांतीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. आपण काय केलं ते तिला आत्ता दिसलं. त्या पोराजवळ एकच पुरावा होता, आणि तो तिनं चांगुलपणानं, आपल्या हातानं, तारीखसुद्धा न ठेवता पुसून टाकला होता. बघते, असं ती म्हणाली.

उदयसिंह पुण्याहून परत आल्यावर ती सरळ त्याच्या खोलीत गेली आणि केलेली दुरुस्ती सांगितली. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. त्यानं लॅपटॉपवर पान वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. विश्वजितची तक्रार त्याच्याकडे सकाळीच आली होती.

“बरं केलंत ताई. वेळेवर केलंत,” तो म्हणाला. “मी त्याला ह्याच पानाचा दुवा पाठवतो. डॉक्स नीट वाचत जा म्हणावं.”

क्रांतीनं सांगितलं की ही दुरुस्ती यादीत घालायची आहे, तारखेसकट, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते कळेल. त्यानं मान हलवली. तारीख कशाला? किरकोळ दुरुस्तीला तारीख नसते, तुमचाच नियम आहे की. ती म्हणाली, जुनं पान इंजिनिअरांकडे आहे. तो म्हणाला, असू दे की, त्याला ते दाखवणार कोण? छापखाना बंद पडल्यावर आपण तिला काम दिलं होतं, ह्याची आठवण त्यानं काढली नाही. फक्त तिच्यासाठी पुन्हा चहा मागवला. तिनं तो घेतला नाही.

फाईल तिच्या टेबलावरच होती. बारा फेब्रुवारीचा कागद तिनं काढला. लाल गोल, समासातली ओळ, तारीख, तिची सही आणि खाली उदयसिंहाच्या अक्षरात ‘राहू द्या’. हा कागद बाहेर गेला की आपली नोकरी गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरी आईचं दुखणं होतं, आणि चाळिशीला आलेल्या मुद्रितं तपासणाऱ्या बाईला कोल्हापुरात कोण काम देणार होतं. तरी शनिवारी रात्री तिनं कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, आणि ठेवल्यावर तिला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. चूक दाखवून द्यायची, पुरावा द्यायचा आणि मोकळं व्हायचं. एवढं आपल्याला येतं, असं तिला वाटलं.

रविवारी ती एस.टी.नं जयसिंगपूरला उतरली आणि पुढं वडापनं गेली. जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेली माणसं पुराचंच बोलत होती. गावात शिरताच कुजट वास आला. भिंतींवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ, अंगणात वाळत घातलेल्या गाद्या, रस्त्यात पसरलेली पांढरी पावडर. विश्वजित स्टँडवर आला होता. फोटोतल्यापेक्षा तो बराच बारका दिसला. क्रांतीनं त्याला सांगितलं की मला चिमणाबाईंच्या घरी घेऊन चल आणि आण्णांना तिथं बोलव, म्हणजे मला एकदाच सगळं सांगता येईल. त्यानं काही विचारलं नाही. आक्का आपल्यासाठी आली, एवढं त्याला पुरलं होतं. चालता चालता तो तिच्या हातातली पिशवीही घेत होता.

चिमणाबाई घराच्या पुढच्या सोप्यात बसली होती. साठीची, काटक बाई. शेजारी भिंतीच्या खुंटीला तीन दावी धुऊन अडकवलेली. आण्णा आले आणि पोराकडे न बघता दाराशी बसले. बातमी लागून शेजारची चार-पाच माणसंही उंबऱ्याशी येऊन थांबली. चिमणाबाईनं आधी पावणीला च्या द्या म्हणून आत सांगितलं. त्या घरात दूध विकत आणलेलं होतं.

क्रांतीनं कागद काढून आण्णांच्या हातात दिला. कंपनीच्या पानावर आधी वेगळं लिहिलं होतं, विश्वजित खरं बोलत होता, पान मी नंतर बदललं, असं तिनं चार वाक्यांत सांगितलं. आण्णांनी चष्मा लावला आणि मास्तराच्या सवयीनं मोठ्यानं, प्रत्येक शब्द सुटा करून वाचलं. फोन कोणत्याही अवस्थेत असला तरी ठरलेल्या क्षणी घंटा वाजेल. ते तिथंच थांबले. पुन्हा वाचलं. मग त्यांनी पोराकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“ऐका रं,” ते उंबऱ्याशी उभ्या माणसांना म्हणाले. “माझं पोरगं खोटं बोललं न्हवतं.”

माणसांत कुजबुज झाली. एकानं विश्वजितच्या खांद्यावर हात ठेवला. क्रांतीनं श्वास सोडला. आण्णा पुढं वाचत गेले, समासातलं लाल अक्षरातलं, बॅटरी बचत, तासभर, घंटा वाजत नाही, चार फोनवर स्वतः पाहिलं. राहू द्या, नंतर बघू. आणि शेवटी, सवयीनं, तारीखसुद्धा वाचली.

चिमणाबाईला वाचता येत नव्हतं, ऐकू मात्र नीट येत होतं. “कवाची तारीख म्हणालासा?” तिनं विचारलं.

“बारा फेब्रुवारी.”

“आन हे लाल कुणी लिवलंय?”

क्रांतीच म्हणाली, “मी.”

चिमणाबाईनं तिच्याकडे बघितलं. बोटांवर महिने मोजले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि असता तर क्रांतीला सोपं गेलं असतं.

“म्हंजे पोरी, तुला सा म्हयनं ठावं हुतं.”

चहा आला. कपबशी क्रांतीच्या पुढं ठेवली गेली. दूधसंघ, मंजुरी, उदयसिंह, दोन वेळा केलेली आठवण, हे सगळं तिच्याजवळ सांगायला होतं, आणि त्यातलं एकही वाक्य ह्या सोप्यात उच्चारण्याजोगं नव्हतं. तिनं विश्वजितकडे बघितलं. तो कागद आण्णांच्या हातातून घेऊन तारखेकडे बघत होता.

“वीस तारखेला मी तुमास्नी फोन केलता,” तो सावकाश म्हणाला. “उद्घाटनाला या म्हणून.”

“हो.”

“तवा हे तुमच्या टेबलावर हुतं?”

“हो.”

“एवढंच सांगायचं हुतं की. बचत चालू करू नको म्हणून. मी सगळ्या गावाला चालू करायला लावली.”

क्रांती म्हणाली की पान पास झालं नव्हतं. म्हणून झाल्यावर तिलाच आपल्या शब्दांची लाज वाटली. कुणाला त्याचा अर्थ कळला नाही आणि कुणी विचारलाही नाही. चिमणाबाईनं, च्या घे, गार हुतोय, एवढंच सांगितलं. क्रांतीनं तो घेतला. ह्या घरात कप भरलेला ठेवून उठायचं धाडस तिला झालं नाही.

ती निघाली तेव्हा आण्णा पोराला जवळ घेऊन उभे होते. कागद विश्वजितनं घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता, तो आता चावडीवर जाणार होता. रीतीप्रमाणं तो तिला स्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याचं दुकान लागलं, शटरवरचं शेण वाळून त्याच्या खपल्या पडल्या होत्या. पिशवी तिची तिच्याच हातात होती.

वडाप भरायला वेळ लागला. क्रांती आत खिडकीशी बसली, तो खाली उभा. जीप चालू झाल्यावर त्यानं मागच्या दाराची कडी लावली, हलवून बघितली आणि एकदाच वर बघितलं.

“जावा मॅडम,” तो म्हणाला. “कागद आणून दिलासा, बरं झालं.”

जीप गावाबाहेर पडेपर्यंत क्रांती त्या एकाच शब्दाशी अडून बसली होती. आक्का म्हणायला लागल्यापासून त्यानं तिला एकदाही मॅडम म्हटलं नव्हतं.